काही वास नाही

तिथे त्या खोलीला 'घरखोली' म्हणतात, आणि तिच्यात पाऊल टाकलं की माझं नाक आपोआप मुरडतं.

आई राहते त्या संस्थेत ही खोली मोठ्या कौतुकाने सजवली आहे. विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घराची आठवण करून दिली की ती जरा बोलती होतात, चार घास खातात, असं त्यांचं म्हणणं. म्हणण्यात काही चूक नाही. पण खोली बघा! न पेटणारी शेगडी. वायर नसलेला फोन. बंद पडलेलं घड्याळ. भिंतीवर चौकटीतून हसणारं कुणा भलत्याचंच कुटुंब. टोपलीत प्लास्टिकची सफरचंदं, आणि त्यातल्या एकावर दातांचे ठसे. कुणीतरी बिचारं खरं समजून चावलं असणार. कोपऱ्यात भिंतीला एक डबी लावली आहे, ती अधूनमधून फुस्स करून ताज्या पावाचा वास सोडते. पाव कुठेच नसतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी वेड्यासारखी पाव शोधत होते.

ही सगळी करामत संचालिकाबाईंची. मनातल्या मनात मी त्यांना साखरबाई म्हणते. बाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांचं बोलणं ऐकलं की चूळ भरावीशी वाटते. "आपली बाळं आज कशी शहाण्यासारखी जेवली हं!" बाळं म्हणजे कोण, तर एक निवृत्त न्यायाधीश, एक सुईण, आणि माझी आई, जिला बाळ म्हणायची हिंमत तिच्या आईनेही केली नसेल.

माझी आई मात्र शहाण्यासारखी जेवत नव्हती. ती जेवतच नव्हती. घास जवळ आला की ती चमच्याकडे बघायचीसुद्धा नाही. भरवणारीचं मनगट घट्ट धरायची, हात नाकापाशी ओढायची आणि झटकून टाकायची. चमचा भिंतीवर, सूप सेविकेच्या अंगावर. "आजी चावायला बघतात," अशी तिची कीर्ती झाली होती. नव्या सेविका तिच्या खोलीत जायला टाळाटाळ करायच्या. दुधाचे चार घोट कसेबसे पोटात जात होते, बाकी सगळं जमिनीवर.

अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी दादाला आणि मला बोलावून सरळ सांगितलं, "या आठवड्यात जेवायला लागल्या नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि नळी त्या उपटणार, हे नक्की. म्हणून हात बांधून ठेवावे लागतील."

दादाने मान डोलावली. तो मान फार छान डोलावतो. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. दोन पोरं वाढवलेले, कपडे बडवलेले, भांडी घासलेले ते हात खाटेच्या कडांना बांधणार, आणि आम्ही शेजारी बसून फळं खाणार!

दादा माझ्यापेक्षा मोठा. बँकेत साहेब होता. कायम कडक इस्त्रीत. माझं लाँड्रीचं दुकान आहे, त्याचे शर्ट माझ्याकडेच येतात, त्यामुळे त्याच्या कॉलरचा मळ मला ठाऊक आहे. आईला इथे आणलं त्या दिवशी साखरबाईंनी आम्हाला समोर बसवून मायेने विचारलं होतं, "तुमच्या घराला कसला वास होता? वास फार महत्त्वाचा असतो हं. वासावरून माणूस घरी पोचतो."

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "गुलाबाचा. आमच्या दारात गुलाब होते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्या दारात एका गंजक्या डब्यात एक मरतुकडं गुलाबाचं रोप होतं, हे खरं. त्याला कधीमधी फूलही यायचं. पण त्या फुलाचा वास आमच्यापैकी कुणालाही कधी आला नाही, कारण आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या वासाला जागाच नव्हती.

बाबा सरसाच्या कारखान्यात कढईवर होते. सरस म्हणजे लाकूड चिकटवायला सुतार पूर्वी वापरायचे तो. जनावरांची हाडं, खुरं, कातड्याची कात्रणं चुन्यात कुजत घालायची, मग उकळ उकळ उकळायची, गाळायची, की खाली चिकट राहतो तो सरस. दादा लोकांना सांगतो, "वडील फर्निचरच्या धंद्यात होते." काय बिशाद आहे कुणी त्याला खोटं म्हणण्याची! पण घरी जो यायचा तो फर्निचरचा वास नव्हता. मेलेल्या जनावराचा वास होता, आणि तोही कालच्या नाही, गेल्या आठवड्यातल्या. तो बाबांच्या कपड्यांतून अंथरुणात यायचा, अंथरुणातून आमच्या केसांत, केसांतून शाळेच्या दप्तरात. शाळेत माझ्या बाकावर मी एकटी ऐसपैस बसायचे. घरी बाबा दारात दिसले की माझी दोन बोटं नाकावर. बाबा त्यावरून मला 'नाकाबाई' म्हणायचे. "आल्या का नाकाबाई? नाक सांभाळा, कुणी पळवेल!" आणि स्वतःच हसायचे. मला आजही त्या वासाची किळस येते. लाँड्री मी उगाच नाही काढली.

तर बाबा आले की घरात शिरायच्या आधी बाहेरच्या नळावर हात धुवायचे. राखेने, साबणाने, कपड्याच्या ब्रशने, कातडी लाल होईपर्यंत. मग ओल्या हातांनी स्वयंपाकघरात येऊन आईपुढे दोन्ही तळवे धरायचे आणि विचारायचे, "आला का वास?"

आई हातातलं काम ठेवायची. त्यांची मनगटं धरायची आणि त्या ओंजळीत तोंड घालायची. बाबांचे पंजे परातीएवढे, आईचं तोंड त्यात कपाळापर्यंत गडप व्हायचं. आम्हाला दिसायचा फक्त तिचा अंबाडा. बराच वेळ ती तशीच राहायची. मग डोकं वर काढून शांतपणे म्हणायची, "काही वास नाही. बसा जेवायला."

त्याशिवाय आमच्या घरात कुणी घास तोडत नसे. बाबा पहिला घास घ्यायचे, मग आई, मग आम्ही. बाबा होते तोवर एक दिवस चुकला नाही. दादा आणि मी एकमेकांकडे बघायचो, कारण वास तर असा दाटलेला असायचा की वाटीने मोजून घ्यावा. शेजारणी तोंडावर बोलायच्या, तरी आई म्हणायची, "मला नाही बाई येत." माझी खात्रीच झाली होती की आईचं नाक मेलेलं आहे. कधी कधी तर मला तिचा हेवा वाटायचा.

आणि आता त्या आईला दादाच्या कृपेने गुलाब हुंगवत होते. साखरबाईंनी फर्मानच काढलं होतं. आजींना भरवण्याआधी प्रत्येक सेविकेने हाताला गुलाबाचं क्रीम चोळायचं. क्रीम दादानेच आणून दिलं होतं, महागातलं. आई जितकी हात झटकायची तितकं त्या जास्त क्रीम थापायच्या. आईची खोली, उशी, सूप, सगळ्याला त्या क्रीमचा गुळचट दर्प. माणसाने जेवावं तरी कसं? मला स्वतःला तिथे चहा घशाखाली उतरत नव्हता.

हे सगळं मला आधीच सुचायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. नाही सुचलं. जे आठवू नये म्हणून जन्म घालवला ते इतक्या सहज कसं सुचणार?

आठवडा सरत आला होता. त्या दिवशी दुकानात एका खाटकाचे एप्रन आले होते, रक्त आणि चरबी मुरलेले. माझ्या पोरी हात लावेनात, म्हणून मीच नाक मुरडत भिजत घातले. तेवढ्यात संस्थेतून फोन आला की आजींनी आज दूधही थुंकलं. मी हात जेमतेम पुसले आणि धावत सुटले.

आई खुर्चीत बसली होती. सेविका भिंतीवरचं दूध पुसत होती. मी आईच्या गालाला हात लावायला गेले तर तिने झडप घालून माझं मनगट धरलं आणि नाकाशी नेलं. मी झटक्याची वाट बघत राहिले. झटका आला नाही. तिने तळवा हुंगला. मग बोटांच्या बेचक्यांत नाक घालून पुन्हा हुंगला. मग चुकीच्या दारात आलेल्या पाहुण्याला वाटेला लावावं तसा माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला आणि दाराकडे बघितलं.

"अजून आले नाहीत," आई म्हणाली.

कितीतरी दिवसांत ती काही बोलली नव्हती. सेविकेच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "कोण आले नाहीत, आजी?"

आई दाराकडेच बघत राहिली. पण मला कळलं. कळल्याबरोबर मला मळमळून आलं, म्हणून मी तोंडावर हात दाबला, तर हाताला चरबीचा वास! बाथरूममध्ये जाऊन मी सगळा चहा ओकून टाकला.

दादाला फोन केला. "आई हात चावायला ओढत नाही. बाबा आले का ते बघते. बाबा आल्याशिवाय ती कधी जेवली आहे का?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "मग तू काय करणार आहेस?"

"सरस शोधणार आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? तो वास तिथे नेणार? अगं, चांगल्या घरची माणसं आहेत तिथे. काय म्हणतील?"

"काय म्हणणार? म्हटलंच काही तर उद्यापर्यंत विसरतील."

"नाकाबाई, थट्टा करू नकोस."

"मग तू सांग, तिचे हात बांधताना उजवा तू धरणार की डावा?"

त्याने फोन ठेवला.

आता सरस कोण वापरतं? कारखाना तर केव्हाच पाडला. पण माझ्या दुकानामागच्या गल्लीत जुनी तंतुवाद्यं दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो. वाद्याला बाजारातला गोंद लावला तर ते पुन्हा उघडता येत नाही, म्हणून तो अजून सरसच वापरतो, हे मला माहीत होतं. माहीत म्हणजे काय, त्याच्या दारावरून जायचं नाही म्हणून मी रोज वळसा घालून जाते.

"सरस हवाय?" तो खूश झाला. "देतो की. सुके तुकडे आहेत. पाण्यात भिजवा, मंद गरम करा. ताजा असला की काही वास येत नाही बघा."

"ताजा नको. नासलेला आहे का?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नासलेला?"

"जितका नासलेला तितका बरा."

तो मागच्या पडवीतून एक डबा घेऊन आला. "फेकायचाच होता, पण उघडायची कुणाची छाती होईना." त्याने झाकण तसूभर उचललं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तोच. इतकी वर्षं झाली, तरी रतीभर बदल नाही. मेल्या वासाला म्हातारपणही येत नाही.

"कुणाला चिकटवताय?" त्याने विचारलं.

"आईला."

डबा त्याने दोन पिशव्यांत बांधून दिला. शहाणा माणूस.

बसमध्ये माझ्या शेजारची बाई उठली. मग पुढचा माणूस. मग त्यांच्यामागचं जोडपं. एका पोराने मोठ्याने विचारलं, "आई, या काकूंनी काय केलं?" आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. लाजेने माझे कान तापले. मी बाकावर पुन्हा एकटी ऐसपैस बसले होते.

संस्थेच्या दारातच साखरबाई आडव्या आल्या. त्यांच्यामागे दादा उभा, नाकाला रुमाल. मला अडवायलाच आला असणार. त्याच्या रुमालाला माझ्याच दुकानाची इस्त्री.

"ताई, हे काय आणलंत?" साखरबाईंचा सगळा पाक एका क्षणात उतरला. "अहो, इथे आजारी माणसं आहेत. स्वच्छतेचे नियम आहेत आमचे."

"तुम्हीच म्हणता ना, घरून काहीतरी आणा? हे आमचं घर. डब्यात मावलं तेवढं आणलंय."

"पण तुमचे भाऊ म्हणाले की गुलाब..."

"भाऊ खोटं बोलला."

साखरबाईंनी दादाकडे बघितलं. दादाने रुमाल नाकावरून डोळ्यांपर्यंत नेला. ओकारी आवरत होता की काय, देव जाणे. साखरबाई घरखोलीत गेल्या आणि खिडक्या सताड उघडल्या. "थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "आणि मी इथेच उभी राहणार." त्या क्षणी मला त्या पहिल्यांदा जरा आवडल्या.

आईला आणून टेबलाशी बसवलं. समोर सूप आणि पाव ठेवला, खराखुरा. मी बाह्या वर केल्या, खोलीतल्या मोरीपाशी गेले (तिचा नळ तेवढा खरा होता), डबा उघडला आणि दोन्ही हात आत घातले.

ते गार होतं, बुळबुळीत होतं, आणि त्यात कसलेतरी केस होते. मनगटापर्यंत चोळलं. नखांत भरलं. अंगावर सर्रकन काटा आला, घशाशी आंबट आलं. मागे सेविका "अगं आई गं" म्हणत बाहेर पळाली. मग बाबांसारखेच हात धुतले, साबण लावून, घासघासून, लाल होईपर्यंत. आणि बाबांचा जात नसे तसाच माझाही वास गेला नाही. कोपऱ्यातली डबी तेवढ्यात फुस्स झाली आणि कुजक्या कातड्यावर ताज्या पावाचा वास येऊन बसला. याहून ओंगळ काही मी जन्मात हुंगलेलं नाही.

ओल्या हातांनी आईसमोर गेले. तळवे पुढे धरले. आवाज जरा जाड करून विचारलं, "आला का वास?"

आईने माझी मनगटं धरली आणि ओंजळीत तोंड घातलं.

माझे हात बाबांच्या अर्ध्यानेही नाहीत. त्यांच्या पंजांत तिचं तोंड पार झाकलं जायचं, माझ्या ओंजळीत जेमतेम नाक आणि ओठ मावले. म्हणून मला बाकी सगळं दिसलं. तिचे डोळे गच्च मिटले. कपाळावर आठ्यांचं जाळं चढलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, एक उबळ आली, ती तिने दाबली, दुसरी आली, तीही दाबली. मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून माझ्या अंगठ्यावर आलं. तिला किळस आली होती. माझ्याइतकीच. छे, माझ्याहून जास्त. तरी तिने मनगटं सोडली नाहीत, तोंड काढून घेतलं नाही. ती त्या ओंजळीत थांबून राहिली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने एकेक आठी खाली उतरवली. आवंढा गिळला. ओठ सारखे केले. आणि पूर्ण शांत, नितळ चेहरा वर करून म्हणाली, "काही वास नाही. बसा जेवायला."

दादाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. मी वळून बघितलं नाही.

मी बसले. आईने ताटली माझ्याकडे सरकवली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मला वाटलं, झालं, आता भरवावं. चमचा उचलून तिच्यापुढे धरला तर तिने तोंड घट्ट मिटलं आणि ताटलीकडे बोट दाखवलं. पहिला घास बाबांचा.

म्हणजे मलाच खायचं होतं. त्या हाताने.

पाव मोडला, सुपात बुडवला, तोंडाकडे नेला. हात नाकाखालून जाताना सगळं पोट वर आलं. घास तोंडात घातला तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल, मला सांगता येणार नाही. पाव नाही, बाबांचा शर्टच चावल्यासारखं वाटलं. थुंकणारच होते.

आई पुढे वाकली. कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, एका बाईने आपल्या नवऱ्याला सांगावं तशी म्हणाली, "तोंड वाकडं करू नका. पोरं बघतायत."

मी तोंड सरळ केलं. घास गिळला.

"छान झालंय," म्हटलं.

मग आईने पाव मोडला आणि तोंडात घातला.